वजनकाट्यावर नारळाचं दही

वजनाला गिंडीत फार जुनी प्रतिष्ठा आहे. चेन्नईत इतरत्र सोन्याचं वजन होतं, चंदनाचं होतं, फिल्टर कॉफीच्या पावडरीचं होतं. गिंडीच्या रेसकोर्सवर पिढ्यान्‌पिढ्या माणसांचं झालं. शर्यतीआधी जॉकीनं खोगीर घेऊन काट्यावर बसायचं आणि शर्यत संपली की धापा टाकत पुन्हा त्याच काट्यावर यायचं. मधल्या दीड-दोन मिनिटांत वजन नेमापेक्षा कमी झालेलं निघालं, तर पहिला आलेला घोडाही बाद! घोडा जरा जास्तच चांगला असला, तर त्याच्या खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून त्याला मुद्दाम जड करायचं. वजन घटलं म्हणून दंड आणि गुणवत्ता दाखवली म्हणून ओझं, असा हा कारभार. (त्यातला दुसरा भाग नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.) भाडेपट्ट्याच्या वादात तमिळनाडू सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये रेसकोर्सच्या दाराला टाळं लावलं. वजनाच्या काळजीला टाळं लावता येत नाही. ती तिथून उठली आणि आसपासच्या काचेच्या इमारतींत जाऊन बसली.

या इमारती ज्या गिंडी औद्योगिक वसाहतीत उभ्या राहिल्या, ती १९५८ सालची. तेव्हा इथे लेथ फिरायचे, पत्रे कापले जायचे आणि दुपारच्या डब्यातला सांबार-भात संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत अंगात उरत नसे. आता तिथे ऑलिम्पिया टेक पार्कसारखी संकुलं आहेत. उचलायला सर्वांत जड वस्तू म्हणजे लॅपटॉप. तोही बॅगेला चाकं नसली तर. भात मात्र तेवढाच राहिला. हा जमाखर्च कुठेतरी जुळवायला हवा, म्हणून ऑफिसांच्या पॅन्ट्रीतल्या फ्रीजमध्ये हल्ली कप दिसतात. नारळाचं दही, बदामाचं दही, सोयाचं, ओटचं. कपावर मालकाच्या नावाची चिठ्ठी, तिच्यावर चिकटपट्टी, आणि तरीही चोरी होतेच. चोरीला जातो तो नारळाचा कप. सोयाचा कप कुणी पळवल्याचं अजून ऐकिवात नाही. चोरांना चव कळते, पोषण कळत नाही, हे या लेखाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे.

मला ही सगळी माहिती पुरवतो तो माझा भाचा. तो अशाच एका ऑफिसात आहे, आमच्याकडे राहतो आणि सध्या व्हीगन आहे. ‘सध्या’ म्हटलेलं त्याला आवडत नाही. तो मला मामा म्हणतो, माझ्या बायकोला अर्थातच मामी म्हणतो, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना सगळी बिल्डिंगच मामी म्हणते, कारण चेन्नईत त्या वयाच्या आणि त्या घरातल्या बाईंना मामीच म्हणतात. त्यामुळे त्यानं स्वयंपाकघरातून “मामी, माझा कप कुणी काढला?” असं विचारलं, की दोन घरांतून दोन भाषांत कानावर हात ठेवले जातात.

या समोरच्या मामींना एकदा आम्ही तो कप दाखवला. मामींचं दह्यातलं स्थान सांगायला हवं. तमिळ माणसाचं जेवण तयिर सादमशिवाय, म्हणजे दहीभाताशिवाय, संपत नाही. आधी सांबार, मग रसम, मग दहीभात, आणि दहीभात झाला नसेल तर तो माणूस अजून जेवतोच आहे असं धरलं जातं. मामी रोज रात्री दुधात करंगळीचं टोक बुडवून बघतात, मनाशी काहीतरी ठरवतात आणि मग विरजण लावतात. सकाळी त्या दह्यात चमचा उभा राहतो, कवडी मोडली की कडेला निवळी झिरपते, आणि मामी पातेल्याकडे एकदा बघून झाकण ठेवतात. कौतुक वगैरे काही नाही. कामाला हजर झालेल्या माणसाचं कोणी कौतुक करतं का?

तर मामींनी चष्मा लावला, कप उघडला, चमचाभर जिभेवर ठेवलं आणि विचारलं, “यात दूध नाही?”

“नारळाचं दूध आहे, मामी. त्यात दह्याचेच जंतू सोडतात,” भाचा म्हणाला.

“आणि साखर?”

“थोडी.”

“नारळाचं दूध आणि साखर म्हणजे पायसम,” मामी म्हणाल्या. “पायसम आंबलं, तर आम्ही टाकून देतो.”

हा निकाल जरा कठोर असेल, पण पुढे कपामागचा मजकूर वाचताना मला तो वारंवार आठवत राहिला.

मागचा मजकूर वाचायचा म्हणजे आधी पुढच्याला ओलांडून जावं लागतं. कपाच्या पुढच्या बाजूला नारळ, पान, आंब्याची फोड आणि ठळक शब्द: ‘प्लांट-बेस्ड’, ‘डेअरी-फ्री’, ‘गिल्ट-फ्री’. गिल्ट-फ्री म्हणजे पापमुक्त. पूर्वी यासाठी याच राज्यात रामेश्वरापर्यंत जाऊन बावीस तीर्थांखाली भिजावं लागे, आता शंभर ग्रॅमच्या कपात होतं. यातल्या एकाही शब्दात वजनाबद्दल काही म्हटलेलं नाही, हे ध्यानात घ्या. कंपनी शहाणी असते. ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द कंपनी छापते. ‘म्हणजे बारीक होणार’ हे आपण आपल्या खर्चानं जोडतो.

मागच्या बाजूची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी असतात, पण कायद्यानं ती छापावीच लागतात आणि तिथे खोटं बोलायला फारसा वाव नसतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते. म्हणजे ज्याचं नाव आधी, ते कपात जास्त. भाच्याच्या आंबा-स्वादाच्या कपावर क्रम असा होता: पाणी, नारळाचं दूध, साखर, आंब्याचा गर, टॅपिओका स्टार्च, पेक्टिन, आणि सगळ्यांत शेवटी, लग्नाच्या पत्रिकेत ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या जागी, दह्याचे जंतू. साखर आंब्याच्याही आधी! आंब्याचा फोटो पुढे, साखरेचा कुठेच नाही. टॅपिओका स्टार्च म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो, त्याचंच पीठ. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं, ते आंबलं की आपोआप जाळं धरतं आणि दही घट्ट होतं. नारळाच्या दुधात ते नसतं, म्हणून घट्टपणा असा बाहेरून आणावा लागतो. त्यात आरोग्याला अपाय काही नाही. पण उपासाला साबुदाणा खाऊन आजवर कोण बारीक झालंय, हे आपल्या मराठी माणसांना वेगळं विचारायला नको.

आता आकडे. शंभर ग्रॅमला ११८ कॅलरी, फॅट ७ ग्रॅम, प्रोटीन ०.८ ग्रॅम, वरून घातलेली साखर १० ग्रॅम. हे मी मामींच्या पातेल्यासमोर ठेवलं. मामी आविनचं निळं पाकीट घेतात, म्हणजे टोन्ड दूध. त्यात नियमानं फॅट ३ टक्के. प्रोटीन सव्वातीनच्या आसपास, दुधातली स्वतःची साखर पावणेपाचच्या आसपास. फॅटच्या ग्रॅमला ९ कॅलरी, बाकी दोघांच्या ग्रॅमला ४. बेरीज करा: शंभर ग्रॅमला साठाच्या आत. म्हणजे पापमुक्त कपात कॅलरी दुप्पट आणि प्रोटीन एक चतुर्थांश. शिवाय आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या दाव्यांविषयीच्या नियमांत घट्ट पदार्थात शंभर ग्रॅमला फॅट ३ ग्रॅमच्या वर नसेल, तर त्याला ‘लो फॅट’ म्हणता येतं. त्या हिशेबानं मामींचं पातेलं काठावर का होईना, पण पास आहे. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “फॅट कमी असेल, तर उद्यापासून ऑरेंज पाकीट घेते.” ऑरेंज पाकीट म्हणजे फुल क्रीम, फॅट ६ टक्के. विज्ञानाचा प्रसार करताना असे प्रसंग येतात.

मी मूळचा कोकणातला, त्यामुळे नारळावर माझं वैर असण्याचं कारण नाही. सोलकढीवर वाढलेला माणूस आहे. पण आमच्याकडे नारळ खाऊन बारीक व्हायचं असतं असं कधी कुणी म्हणालं नाही. नारळाच्या जाड दुधात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर फॅट असतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं सॅच्युरेटेड, म्हणजे लोण्या-तुपाच्या जातीचं. पाणी घालून ते कपाला परवडेल इतकं पातळ करतात, पण पाणी घातल्यावर आधीच जेमतेम असलेलं प्रोटीन अगदीच नावापुरतं उरतं. आणि वजन उतरवताना गरज असते ती नेमकी प्रोटीनची. त्यानं पोट भरल्यासारखं राहतं, आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात ते त्यानं जरा सावरतं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रोटीन लागतं. ते फक्त नारळाच्या कपांतून मिळवायचं, तर साठ-पासष्ट कप लागतील. त्यानंतर वजनाचा प्रश्न उरणार नाही, दरवाजाच्या रुंदीचा उरेल.

आता सोयाची बाजू. पॅन्ट्रीतल्या चोरांनी नाकारलेला हा कप कागदावर मात्र पहिल्या वर्गात येतो. साखर न घातलेल्या सोयाच्या दह्यात शंभर ग्रॅमला साडेतीन-चार ग्रॅम प्रोटीन आणि कॅलरी घरच्या टोन्ड दुधाच्या दह्याइतक्याच. सॅच्युरेटेड फॅट फारच कमी. चव? सांगतो. पहिल्या घासाला ओल्या वालांचा वास येतो, दुसऱ्या घासाला सवय होते, तिसऱ्या घासाला आपण आयुष्यात काय काय सहन केलंय याची उजळणी होते. फोडणी दिली, मीठ आणि काकडी घातली, तर कोशिंबिरीत खपून जातं. बदामाचं दही बदाम किती घातलेत त्यावर ठरतं, आणि किमतीवरून ते ठरवायला जाऊ नये. ओटच्या दह्याबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे, की सकाळी जे खीर म्हणून खाल्लं ते दुपारी दही म्हणून परत येऊ नये.

फसवणूक फक्त वनस्पतीवाल्यांकडेच असते असं नाही. स्वादवाल्या दुधाच्या दह्यातही साखर अशीच असते, आणि आपण मराठी माणसांनी तर या विषयात तोंड उघडूच नये. फडक्यात बांधून, निवळी गाळून, ज्याला आता जिमवाले ग्रीक योगर्ट म्हणतात तो प्रोटीननं भरलेला चक्का आपण करतो, आणि मग त्यात तेवढीच साखर घालून श्रीखंड करतो, वर पुरीबरोबर खातो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की वरून घेतलेली साखर एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास ५ टक्क्यांच्या. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला ही दुसरी मर्यादा म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. वाढदिवसाच्या पंगतीत श्रीखंडाची दुसरी वाटी घेताना हा आकडा आठवून मी वाटी खाली ठेवली आहे. रिकामी.

आकड्यांत अजून एक गंमत ‘पर सर्व्ह’ नावाच्या रकान्यात असते. चारशे ग्रॅमच्या डब्यावर एका वेळचं प्रमाण शंभर ग्रॅम दिलेलं असतं. डबा उघडून शंभर ग्रॅम खाऊन उरलेलं नीट झाकून ठेवणारा माणूस मला भेटलेला नाही, आणि भेटला तर त्याला वजनाचा त्रास नसणारच. भाचा हा रकाना मोठ्या विश्वासानं वाचतो. मग उरलेला डबा टीव्हीसमोर संपवतो.

एकदा त्यानं मला पटवण्यासाठी गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानाचा दाखला दिला. शहराच्या पोटात, तीन चौरस किलोमीटरही नसलेल्या या जंगलात काळवीट आणि चितळं आहेत, राज्यपालांचं निवासस्थान आणि आयआयटी यांच्या कुंपणांना लागून. “बघ मामा, आयुष्यभर प्लांट-बेस्ड. अंगावर चरबी दिसते का?” मी म्हटलं, म्हैसही आयुष्यभर प्लांट-बेस्डच असते; तिची काय कंबर आहे का? आणि काळवीट बारीक दिसतं ते गवत खातं म्हणूनच नव्हे, धावतंही म्हणून. चितळ एचआरची मीटिंग करत नाही. तसं पाहिलं तर दूधसुद्धा गवताचंच असतं, मध्ये फक्त एक म्हैस लागते. यावर भाच्यानं मला गाईंच्या गोठ्यांतले हाल, वासरांची ताटातूट आणि जनावरांच्या ढेकरांतून निघणाऱ्या मिथेनबद्दल सांगितलं. त्यातलं बरंचसं खरं आहे आणि त्यासाठी कुणी दूध सोडलं तर मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. पण ती कारणं गाईच्या भल्याची आहेत. गाईच्या भल्यासाठी खाल्लेल्या कपानं माणसाची ढेरीही आत जावी, ही अपेक्षा म्हणजे शेजाऱ्याला पाणी दिलं म्हणून आपलं बिल माफ व्हावं असं म्हणणं.

वजन आणि दही यांचा काही संबंध आहे का, याचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो आला. १,२०,८७७ माणसं, कित्येक वर्षं त्यांच्या खाण्याची आणि वजनाची नोंद. ज्यांनी रोजच्या खाण्यात योगर्टचं एक प्रमाण वाढवलं, त्यांचं वजन दर चार वर्षांत इतरांच्या तुलनेत सरासरी ०.८२ पौंडानं कमी भरलं. हे योगर्ट दुधाचं. ०.८२ पौंड म्हणजे पावणेचारशे ग्रॅमही पुरते नाहीत. चार वर्षांत! जॉकीचं हलकं खोगीर याहून जड भरू शकतं. त्यातही योगर्टमुळेच घटलं, की योगर्ट खाणारी माणसं मुळातच जपून राहणारी, हे अशा अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही. त्याच अभ्यासात बटाट्याचे वेफर्स रोज एक प्रमाण वाढवणाऱ्यांचं वजन १.६९ पौंडानं, म्हणजे पाऊण किलोनं, जास्त भरलं. थोडक्यात दही जेवढं उतरवतं त्याच्या दुप्पट वेफर चढवतो, आणि पॅन्ट्रीत फ्रीजच्या शेजारीच वेफरचं मशीन असतं.

दह्याकडून अचाट अपेक्षा ठेवण्याची परंपरा मात्र मोठ्या माणसांपासून आहे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले एली मेचनिकॉफ, १९०८ सालचे नोबेलवाले. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी का, तर ते आंबलेलं दूध पितात म्हणून, असं त्यांचं मत झालं, आणि मग पॅरिसमध्ये दह्याची साथ आली. स्वतः ते रोज आंबट दूध घेत. १९१६ साली ते गेले तेव्हा ७१ वर्षांचे होते. आमच्या गावी दह्याकडे ढुंकूनही न बघणारे, तंबाखूवर जगलेले एक आजोबा त्याहून बरेच पुढे गेले. पण आजोबांचं मत कुणी विचारलं नाही, कारण त्यांना नोबेल नव्हतं.

या कपांना दही म्हणायचं की नाही, यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. २०१७ साली युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की वनस्पतीच्या मालाला दूध, लोणी, योगर्ट म्हणून विकता येणार नाही. २०२१ मध्ये आपल्या प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना असा माल उतरवायला सांगितला, तेव्हा कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आणि इकडे तमिळनाडूत, मार्च २०२३ मध्ये, अस्सल दुधाच्या दह्याच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘दही’ छापा आणि ‘तयिर’ कंसात टाका, असा आदेश आला. मुख्यमंत्री स्टालिन यांनी आवाज उठवला आणि महिना संपायच्या आत प्राधिकरणानं माघार घेतली. समोरच्या मामी राजकारणावर बोलत नाहीत. त्या आठवड्यात बोलल्या. कॅलरी कितीही असोत, पण तयिर कंसात जाणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

भांडण नावाचं असलं की सगळे येतात. आत काय आहे ते बघायचं सरकारी ठिकाण मात्र गिंडीतच आहे. १८९९ साली स्थापन झालेली किंग इन्स्टिट्यूट इथेच आहे आणि तिच्या आवारात सरकारची अन्नतपासणी प्रयोगशाळा. दुकानांतून उचललेले दूध-दह्यापासून मसाल्यापर्यंतचे नमुने तिथे येतात. पण ती फार तर सांगेल, की कपावर छापलं तेच आत आहे. छापलेलं वाचण्याचं काम ती आपल्यासाठी करणार नाही.

आणि वाचूनही प्रश्न अर्धाच सुटतो, कारण वजन कपात नसतं, कप कशाच्या जागी आला त्यात असतं. संध्याकाळी साडेचार-पाचला ऑफिसांतली अर्धी गिंडी चहाच्या टपरीवर उतरते. कढईत वाळक्काय बज्जी, म्हणजे कच्च्या केळ्याची भजी, फुगत असतात; तेल वर्तमानपत्रात शोषलं जातं आणि बातम्यांची अक्षरं भज्यांवर उमटतात. या दोन बज्ज्यांच्या ऐवजी तुम्ही कप खाल्लात, मग तो नारळाचा का असेना, तर फायदा झाला. बज्जी खाऊन, वर ‘पचायला बरं’ म्हणून कप खाल्लात, तर कंपनीचा फायदा झाला. भाच्याच्या ऑफिसातली बहुतेक मंडळी दुसऱ्या पंथाची आहेत. तयिर सादमचंही तेच. मामी दह्यानं जाड होत नाहीत. दह्याखाली जो तीनेकशे ग्रॅम शिजलेला भात असतो, त्याच्याच चारशेच्या घरात कॅलरी, आणि सोबतीला तळलेली मोर मिळगाय, म्हणजे आपली ताकातली सांडगी मिरची. हे सगळं ज्या ताटात होतं, त्यातून बिचाऱ्या दह्यालाच उचलून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं.

मध्यंतरी घरीच व्हीगन दही लावायचं ठरलं. त्याची युक्ती साधी आहे: शेंगदाणे भिजवून वाटायचे, गाळायचे, ते दूध एक उकळी आणून कोमट करायचं आणि विरजण म्हणून त्यात हिरव्या मिरच्यांची देठं टाकायची. देठांवर दही लावणारे जंतू निसर्गतः असतात. हे ऐकल्यावर समोरच्या मामी स्वतःहून आल्या. मिरचीच्या देठाचं त्यांना माहीत होतं. विरजण संपलं आणि शेजार झोपला, तर गरम दिवसांत त्यांची आई तेच करायची म्हणे. त्यांनी पातेल्यात करंगळी बुडवली, मनाशी काहीतरी ठरवलं आणि “अजून जरा थांब” म्हणाल्या. सकाळी ते चक्क लागलं होतं. वर फेस नाही, कडेला जराशी निवळी, रंग किंचित मळकट. चव उपासाच्या कुटाच्या आमटीत लिंबू जास्त पडल्यासारखी. मामींनी त्यात उकडलेला बटाटा आणि मोहरीची फोडणी घातली आणि दोन्ही मामींच्या घरचं जेवण त्यावर निघालं. खर्च अर्ध्या कपाच्या किमतीचा. शेंगदाण्यात फॅट भरपूर, त्यामुळे बारीक व्हायला हेही रामबाण नाही, पण साखर आपल्या हातात राहते आणि प्रोटीन नारळाहून बरं.

आंबवलेलं, वनस्पतीचं, स्वस्त, असं काही हवंच असेल, तर चेन्नईच्या रस्त्यांवर ते कपाची फॅशन यायच्या कितीतरी आधीपासून उभं आहे. हातगाडीवर मोठं मडकं, त्यात केळवरगु कूळ, म्हणजे नाचणीची आंबील. गाडीवाला लोटा भरून देतो, वर चिरलेला कांदा. ताक घालू नको म्हटलं की झालं व्हीगन. त्याच्यावर ‘गिल्ट-फ्री’ लिहिलेलं नसतं, कारण ती पिणाऱ्या बांधकामावरच्या माणसाला गिल्ट वाटण्याइतका मोकळा वेळ नसतो. त्याला दुपारपर्यंत पोट भरलेलं हवं असतं, आणि ते राहतं. भाच्याला मी ती पाजली. तो म्हणाला, “हे पॅक करून विकलं, तर चालेल.” मी त्याला तिथून लवकर हलवला.

आता एवढं सगळं झाल्यावर निकाल द्यायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल, कप खायचा की नाही ते सांगा. सांगतो. दूध पचत असेल आणि खायला हरकत नसेल, तर टोन्ड किंवा डबल टोन्ड दुधाला घरी विरजण लावा. गिंडीत यापेक्षा स्वस्त आणि हलकं काही मिळत नाही. दूध पचत नसेल, तर आधी थोडं दही खाऊन बघा, कारण आंबताना दुधातली साखर काही प्रमाणात कमी होते आणि दुधानं पोट बिघडणाऱ्या पुष्कळांना दही चालतं. तेही चालत नसेल किंवा तत्त्वानं नको असेल, तर साखर न घातलेलं सोयाचं घ्या, आणि डब्यावर कॅल्शियम आणि बी-१२ घातल्याचं छापलंय का ते बघा, कारण व्हीगन माणसाला बी-१२ आपोआप मिळत नाही. शंभर ग्रॅमला प्रोटीन तीनच्या वर आणि वरून घातलेली साखर शून्याच्या जवळ असली, की तो कप वजनाच्या कामाचा. नारळाचं दही आवडत असेल तर जरूर खा, पण मामी म्हणतात तसं पायसम समजून, म्हणजे सणासुदीला. आणि ते ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवू नका.